रबाळे एमआयडीसीतून युरोपला औद्योगिक बॅटऱ्या पाठवतो. क्यूआर चिकटवला की डिजिटल पासपोर्ट झाला का?

नाही. डिजिटल पासपोर्ट म्हणजे त्या बॅटरीच्या माहितीची इलेक्ट्रॉनिक नोंद. क्यूआर हा नुसता तिचा पत्ता; त्यामागची माहिती यंत्राला वाचता आली पाहिजे, पीडीएफ टाकून भागणार नाही. युरोपीय नियम 2023/1542 नुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून 2 किलोवॅट-तासांवरच्या औद्योगिक बॅटरीला पासपोर्ट लागेल, तोही प्रत्येक नगाला वेगळा. समजा तुमची बॅटरी 51.2 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची आहे, म्हणजे 5.12 किलोवॅट-तास, तेव्हा सुटका नाही. जबाबदारी तिथे माल बाजारात आणणाऱ्याची, पण माहिती तो तुमच्याकडेच मागणार.

घोडं अडतं ते बहुधा ही माहिती एक्सेलमध्ये भरताना: सिरीयल नंबर 00417 चा 417 होतो आणि क्यूआरमधली लिंक उघडतच नाही. तो रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवा. एकक वेगळ्या रकान्यात, तारीख 2027-02-18 अशीच. क्यूआर पुसला जाता कामा नये, म्हणून कागदी स्टिकरपेक्षा लेझरने कोरलेला बरा.