प्रवासाचा लॅपटॉप निवडताना आधी चार्जर पाहा

प्रश्न : मी घरून भाषांतराचे काम करते. लेखन, शब्दकोश, मोठ्या पीडीएफ फायली आणि व्हिडिओ कॉल एवढाच माझा वापर आहे. जुना पंधरा इंची लॅपटॉप खांद्यावर वागवून पाठ धरते आणि त्याची बॅटरी तासभरही टिकत नाही. मला वरचेवर रेल्वेने नागपूरला जावे लागते आणि उन्हाळ्यात मुलीकडे जर्मनीला राहायचे आहे. सत्तर हजारांच्या आसपास खर्च करू शकते. दुकानदार ग्राफिक्स कार्डाचा गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतात, तर मुलगी म्हणते की इकडे आल्यावरच घे. काय करावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : दुकानदारांनी सुचवलेला लॅपटॉप वाईट नाही, परंतु तो तुमच्या कामाचा नाही. गेमिंग लॅपटॉप साधारण सव्वादोन किलोंचा असतो, आणि त्याचा दीडशे-दोनशे वॅटचा चार्जरच अर्धा किलो किंवा त्याहून जड भरतो. भाषांतराला ग्राफिक्स कार्डाचा काडीचाही उपयोग नाही. तुम्ही तेरा-चौदा इंची, चार्जर धरून पावणेदोन किलोंच्या आत बसणारा लॅपटॉप पाहा. जाहिरातीत वजन नेहमी चार्जर वगळून छापतात, म्हणून दुकानात दोन्ही एकत्र उचलून पाहण्याचा आग्रह धरा.

बॅटरी ‘अठरा तास चालते’ या दाव्याकडे दुर्लक्ष करून तिची क्षमता किती वॅट-अवर (किती वॅट वीज किती तास पुरेल, याचे माप) आहे, हे विचारा. वायफाय सुरू ठेवून मध्यम उजेडात लेखन करताना असा लॅपटॉप साधारण सहा ते आठ वॅट वीज घेतो. म्हणजे ५६ वॅट-अवरची बॅटरी नवी असताना सात-आठ तास पुरेल, आणि व्हिडिओ कॉल वाढले की हा हिशेब झपाट्याने खाली येईल. रेल्वेत डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री अकरा ते पहाटे पाच बंद ठेवले जातात, आणि दिवसाही आपल्या आसनाजवळचा पॉइंट चालू असेलच असे नाही; त्यामुळे पन्नास वॅट-अवरच्या खालची बॅटरी मी तुम्हाला सुचवणार नाही.

माझ्या मते निर्णायक गोष्ट मात्र वेगळीच आहे, ती म्हणजे लॅपटॉप यूएसबी-सी पोर्टवरून चार्ज होतो का. केवळ तसे पोर्ट असून भागत नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये त्यातून फक्त माहितीची देवाणघेवाण होते, म्हणून ‘पॉवर डिलिव्हरी’, म्हणजे त्याच पोर्टमधून चार्जिंगची सोय, आहे ना, हे तपासा. ती असली की ६५ वॅटचा तळहातावर मावणारा एकच चार्जर फोनलाही चालतो आणि तो हरवला तर कोणत्याही मोठ्या गावात दुसरा मिळतो. युरोपीय संघात २८ एप्रिल २०२६ पासून नव्या लॅपटॉपना यूएसबी-सी चार्जिंग सक्तीचे असल्याने जर्मनीत तर अडचण येणारच नाही. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ असे छापलेले असेल, तर व्होल्टेज बदलणारे यंत्र लागत नाही. आपल्या तीन जाड पिना तिकडच्या सॉकेटमध्ये जात नाहीत, तेवढ्यासाठी पिन-अॅडॅप्टर घ्या.

पॉवर बँक घेणार असाल तर फोनची जुनी चालणार नाही, निदान ४५ वॅट देणारी लागेल. विमानात ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि १०० वॅट-अवरपर्यंतच विनापरवानगी नेता येते. मागच्या बाजूला २०,००० एमएएच आणि ३.७ व्होल्ट लिहिले असेल, तर गुणाकार करून हजाराने भागा : ७४ वॅट-अवर, म्हणजे चालेल.

रॅम १६ जीबी घ्या. पातळ लॅपटॉपमध्ये ती बहुधा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही. साठवण ५१२ जीबी पुरे. पडदा मॅट आणि निदान ३०० निट्स उजेडाचा हवा, नाहीतर खिडकीजवळ बसून मजकूर दिसत नाही. प्रोसेसरबद्दल फार काथ्याकूट करू नका. गेल्या दोन-तीन वर्षांतला कोणताही मध्यम दर्जाचा चालेल.

मुलीची सूचना मात्र मला पटत नाही. जर्मनीतल्या कीबोर्डवर वाय आणि झेड यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात आणि विरामचिन्हेही भलतीकडे असतात. दिवसभर टंकलेखन करणाऱ्या व्यक्तीला हा रोजचा जाच होईल. लॅपटॉप इथेच, निघण्याच्या महिनाभर आधी घ्या, म्हणजे काही दोष निघाला तर बदलून मिळेल. त्याची वॉरंटी जर्मनीत लागू आहे का, हे दुकानदाराच्या तोंडी शब्दावर न सोडता कंपनीकडून लेखी विचारून घ्या.