वाचक विचारतात: कोर्लईचे लोक 'मूळचे कुठले'?

प्रश्न : नमस्कार दादा, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही अलिबाग-मुरूड केलं. वाटेत कोर्लईचा किल्ला बघायला थांबलो तर गावात दोन बायका गप्पा मारत होत्या, भाषा अजिबात कळेना, मराठी नाही, कोकणीही वाटेना. रिक्षावाला म्हणाला, ते पोर्तुगीज लोक आहेत. पण दिसायला तर अगदी आपल्यासारखेच, गोरे नाहीत की काही नाही. मग हे नक्की कुठल्या वंशाचे म्हणायचे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : रिक्षावाला अर्धा बरोबर आहे, भाषेपुरता. तुम्ही ऐकलीत ती भाषा पोर्तुगीजमधून तयार झालेली आहे, गावातले लोक तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे सरळसरळ 'आमची भाषा'. कुणी क्रिस्ती पण म्हणतं. बोलणारे जेमतेम आठशे-हजार, आणि तेही या एकाच गावातले! शब्द पोर्तुगीज पण वाक्याची ठेवण आपल्या मराठीकडे झुकलेली, क्रियापद शेवटी येतं. क्लेमेंट्स नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्यापैकी बहुतेक जण मात्र दीपगृहापाशी फोटो काढून काशिदला पळतात (मीही पहिल्यांदा तेच केलं, खोटं कशाला बोलू).

आता माणसांचं. कुंडलिका नदीच्या मुखाशी एका बाजूला रेवदंडा, समोर कोर्लई. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाकडून परवानगी काढून रेवदंड्याला कोट बांधायला घेतला, समोरचा कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये लढून घेतला, आणि १७४० च्या तहात हे सगळं मराठ्यांना देऊन गेले. म्हणजे दोनशे वर्षांच्या वर मुक्काम. पण पोर्तुगालहून जहाजाने यायचे ते जवळजवळ सगळे पुरुष, शिपाई नाहीतर खलाशी, बायका फारच थोड्या. पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कने तर गोव्यात आपल्या लोकांना इथल्या बायकांशी लग्नं करायला मुद्दाम उत्तेजन दिलं होतं. त्यात पोर्तुगीजांच्या वसाहतींत आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, घरकामाला आणि शेतीला इथलेच बाप्तिस्मा घेतलेले लोक होते, त्यातले बरेच आपल्या समाजाने आधीच खालच्या पायरीवर ठेवलेले. १७४० ला ज्यांच्याकडे पैसा आणि ओळखी होत्या ते गोव्याला वगैरे निघून गेले, ज्यांच्याकडे नव्हत्या ते गरीब शेतकरी मागे राहिले, आणि आज कोर्लईच्या ख्रिश्चन वाडीत आहेत ते त्यांचे वंशज. त्यामुळे रक्ताने बघायला गेलात तर मोठा भाग इथलाच आणि वर थोडी सरमिसळ, म्हणून तर ते तुम्हाला 'आपल्यासारखेच' दिसले.

मग भाषा कशी टिकली? मला विचाराल तर खरी गोष्ट इथे आहे. गावात कोळी आहेत, मुसलमान आहेत, शेजार चांगला, पण धर्म वेगळा म्हणून त्यांच्यात सोयरीक नाही. दुसरीकडचे ख्रिश्चन लांब, त्यांची भाषा वेगळी, आणि जात तर धर्म बदलूनही सुटत नाही हे काय आपल्याला नव्याने सांगायला नको. मग लग्नं आपापसातच, आणि चर्चमध्ये १९६० च्या दशकापर्यंत पोर्तुगीज प्रार्थना चालू. रेवदंडा आणि गाव यांच्या मध्ये खाडी. १९८० च्या दशकात खाडीवर पूल झाला, पोरं मराठी शाळेत जायला लागली, नोकरीधंद्याला अलिबाग नाहीतर मुंबई, आता घरात मराठी शिरली आहे. म्हणजे राज्यकर्ते २८० वर्षांपूर्वी गेले त्याने भाषेला काही झालं नाही आणि एका पुलाने मात्र ती हलली.

आणि आपल्याला काय हसायचंय त्यांना, सकाळी आपण साबण लावतो, इस्त्रीचे कपडे घालतो, पावाबरोबर बटाटा खातो आणि पगाराची वाट बघतो, हे सगळे शब्द पोर्तुगीजच. हापूससुद्धा!

प्रश्न : दादा, माझी आजी पेणची. ती सांगायची की त्यांच्या आळीत शनिवार तेली राहायचे, नंतर ते सगळे इस्रायलला गेले. ते खरंच परदेशी होते का? आजी तर म्हणायची त्यांची मराठी आमच्यापेक्षा चांगली होती.
– एक वाचक, पनवेल

उत्तर : आजीवर विश्वास ठेवा. शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू, घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद, कारण त्यांचा शब्बाथ, म्हणजे धर्माने सांगितलेला विश्रांतीचा दिवस. शेजाऱ्यांनी आपल्या सवयीप्रमाणे त्याचीच जात करून टाकली. त्यांची परंपरागत गोष्ट अशी की अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, आजही ती जागा दाखवतात. गंमत बघा, चित्पावनांच्या उत्पत्तीची सह्याद्रिखंडातली कथा पण समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांची, फक्त तिथे परशुराम त्यांना जिवंत करतो. एकाच किनाऱ्यावर दोन समाज आणि दोघांच्या गोष्टीत चौदाच माणसं! यावरून दोघे एकच होते असे तर्क लोक ठोकतात, मी नाही ठोकणार. मला एवढंच दिसतं की जिथे वादळात गलबतं फुटणं नेहमीचं, तिथे आपल्या सुरुवातीची गोष्ट सुचेल तर अशीच सुचेल.

बाकी त्यांच्या बाबतीत कोर्लईच्या बरोब्बर उलटं झालं. भाषा पूर्ण मराठी झाली, आडनावं रोहेकर, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी गावावरून, एकोणिसाव्या शतकात तर त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. टिकला तो शनिवार, सुंता आणि खाण्याचे नियम. २०१६ मध्ये त्यांच्या जनुकांचा एक मोठा अभ्यास आला, त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरपूर सापडले, पुरुषांकडून जास्त ज्यू, बायकांकडून जास्त इथला, आणि ही सरमिसळ साधारण ६५० ते १०५० वर्षांपूर्वीची. म्हणजे जहाजाची गोष्ट अक्षरशः खरी असो नसो, लांबून कोणीतरी आलं होतं आणि त्यांनी इथे घर केलं होतं हे नक्की.

आता एक गोष्ट जी आजीने कदाचित सांगितली नसेल. त्यांच्यातही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन भाग होते, काळे म्हणजे बाहेरच्या बाईशी झालेल्या संबंधातली संतती, त्यांच्याशी सोयरीक नाही. आणि मग १९४८ नंतर हेच लोक इस्रायलला गेले तर तिथल्या धर्मगुरूंनी यांच्याच ज्यूपणावर शंका घेतली, लग्नं लावायला अडवणूक केली, १९६४ मध्ये आंदोलन करून ते मिटवावं लागलं. इथे त्यांनी दुसऱ्यांना कमी लेखलं, तिकडे तेच त्यांच्या वाट्याला आलं. वाचताना वाईट वाटतं आणि थोडं ओळखीचंही वाटतं.

प्रश्न : माझं आडनाव चौलकर, डोळे घारे. मित्र चिडवतात की तू पोर्तुगीजांचा. डीएनए टेस्ट करून घेऊ का? आणि या पट्ट्यात कुठल्या वंशाचे किती टक्के लोक असा सरकारी आकडा कुठे मिळेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आकडा मिळणार नाही, कारण आपली जनगणना वंश विचारतच नाही. धर्म विचारते, मातृभाषा विचारते, पण दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात त्या भाषा वेगळ्या छापत नाहीत, म्हणजे कोर्लईची भाषा त्या तक्त्यात दिसायचीच नाही.

घाऱ्या डोळ्यांसाठी पोर्तुगीज लागत नाहीत हो, ते आपल्याकडे आधीपासून आहेत. आणि चौल, म्हणजे रेवदंड्याला लागून असलेलं जुनं बंदर म्हणाल, तर तिथे कोण आलं नाही ते विचारा. सन ९१६ च्या सुमारास अल मसूदी नावाचा अरब प्रवासी इथे येऊन गेला, शिलाहार राजा झंझाचं राज्य होतं, तो लिहितो की गावात दहा हजार मुसलमान राहतात, ओमान, बसरा, बगदाद, सिराफकडचे, आणि इथेच जन्मलेल्यांना तर वेगळं नाव सुद्धा पडलेलं होतं, 'बयासिरा'. म्हणजे दुसरी पिढी पार रुळली होती. साडेपाचशे वर्षांनी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला तर गोरा माणूस बघायला लोक त्याच्या मागे मागे फिरायचे असं त्यानेच लिहून ठेवलंय. खाली मुरूडला सिद्दी, हबशी, म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेले, त्यांचं जंजिऱ्याचं राज्य १९४८ पर्यंत टिकलं आणि त्या मुलखाला लोक हबसाणच म्हणायचे. पेशव्यांचं श्रीवर्धनही त्यातच.

टेस्ट हौस म्हणून करायची तर करा, पण त्यात येणारे टक्के त्या कंपनीकडे तुलनेला कोणाचे नमुने आहेत त्यावर ठरतात, कोकणातले नमुने कमी असतील तर तुम्हाला 'दक्षिण आशिया' असं भलंमोठं उत्तर येईल आणि पैसे जातील. आडनावावरून तर काहीच सांगता येत नाही, चौलकर हिंदूंमध्ये आहेत, चेऊलकर बेने इस्रायलांमध्ये आहेत, गाव एकच. त्यापेक्षा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा की आपल्यात मुली कुठल्या गावांत द्यायचे आणि कुठल्या गावांतून आणायचे, आणि कुठे अजिबात नाही. ती यादी करून पाठवलीत तर पुढच्या अंकात त्यावर बोलू.