पावसाचा अंदाज असेल तर स्काय बेटाची सहल रद्द करावी का?

रद्द करू नका. तुम्ही लिहिलंय की आई-वडील परभणीहून ग्लासगोला तुमच्याकडे आलेत, ऑक्टोबरअखेर गाडी भाड्याने घेऊन स्कॉटलंडमधल्याच स्कायला दोन रात्री मुक्काम ठरलाय आणि अंदाज सगळा पावसाचा आहे. लातूरहून आलेल्या माझ्या वडिलांना, नानांना घेऊन आम्ही जवळपास अशीच सहल केली आणि तिन्ही दिवस झड लागली होती. त्या अनुभवावरून सांगतो: जा, पण बेत निम्मा करा.

ग्लासगो ते पोर्ट्री, म्हणजे बेटावरचं मुख्य गाव, साधारण ३४५ किलोमीटर. नकाशा पाच-साडेपाच तास दाखवतो, पण पाऊस, चहा आणि ग्लेनकोच्या खिंडीत थांबणं धरलं तर पूर्ण दिवस जातो. ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी लवकर निघा. बेटावर जायला १९९५ पासून पूल आहे आणि २००४ पासून त्यावर टोल नाही. सोसाट्याचा वारा असला की तो उंच गाड्यांसाठी बंद करतात, त्यामुळे कॅम्परव्हॅनचा विचार असेल तर सोडून द्या, साधी कार घ्या. भारतीय लायसन्स तिथे वर्षभर चालतं आणि गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवायची.

मधल्या पूर्ण दिवसात फक्त ट्रॉटरनिशचा, म्हणजे बेटाच्या उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा फेरा करा. पोर्ट्रीहून निघून ओल्ड मॅन ऑफ स्टोरचा सुळका, किल्ट रॉकचा समुद्रकडा, क्विराइंगची डोंगरधार, उइग गाव आणि परत पोर्ट्री, मिळून ऐंशीएक किलोमीटर. फेअरी पूल्स आणि नीस्ट पॉइंट ही बेटावरची दुसरी ठिकाणं त्याच दिवशी बसवायला जाऊ नका. पावसात सगळं धावत पाहिलं तर डोळ्यांसमोर काचेवरचे वायपरच राहतात.

बऱ्याच ठिकाणी रस्ता एकपदरी आहे. समोरून गाडी दिसली की ‘पासिंग प्लेस’च्या पाटीपाशी रुंद केलेल्या जागेत थांबायचं. जागा तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरा, उजव्या हाताला असेल तर तिच्या समोर आपल्याच बाजूला थांबा. मागच्यालाही तिथेच पुढे जाऊ द्या. गेलेला माणूस हात वर करतो, आपणही करायचा. फोटो काढायला मात्र तिथे गाडी लावायची नाही. मेंढरं रस्त्यातच बसलेली असतात आणि ओल्या रस्त्यावर ती जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

आता वाऱ्याबद्दल, कारण आपल्याकडच्या माणसाला त्याचाच अंदाज येत नाही. किल्ट रॉकच्या कठड्यापाशी मी गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतलं, बिजागरी वाकली. भाड्याच्या गाडीच्या त्या दुरुस्तीचे पैसे भरावे लागले. शक्यतो गाडीचं नाक वाऱ्याकडे करून लावा, दार दोन्ही हातांनी धरून उघडा आणि आई-वडिलांची दारं तुम्ही उघडा. शेजारीच मील्टचा धबधबा कड्यावरून थेट समुद्रात पडतो. त्या दिवशी निम्मं पाणी खाली पोचतच नव्हतं. वारा ते उडवून आमच्याच अंगावर आणत होता आणि ओठांवर आलेले थेंब गोडे होते.

ओल्ड मॅन ऑफ स्टोर म्हणजे सुमारे ५० मीटर उंचीचा सुळका. वर जायची वाट चढणीची आहे. पावसात वडीलधाऱ्यांना तिथे नेऊ नका, धुकं हटलं तर तो रस्त्यावरूनही दिसतो. आम्हाला चारेक मिनिटं दिसला. मागच्या कड्यातले थरावर थर बघून नाना म्हणाले, “हे तर आपल्या बालाघाटावानी हाय.” त्यांचं खरंच होतं. तोही लाव्हाचा काळा बेसाल्ट आहे, सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपलं दख्खनचं पठार त्याहून थोडं जुनं, साडेसहा कोटींच्या आसपासचं. फरक इतकाच की ट्रॉटरनिशला या जड दगडाखाली ठिसूळ गाळाचे खडक आहेत. ते भार सोसत नाहीत, म्हणून अख्खी धार घसरून सुळके मोकळे झालेत. क्विराइंगच्या बाजूला ही घसरण अजून चालू आहे.

खाली रस्त्याकडेच्या चरातून चहाच्या रंगाचं पाणी धो धो वाहत होतं. नाना काच खाली करून बघत बसले. “हे पानी चाललंय तरी कुठं?” मी म्हटलं, समुद्रात. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी मोजून ठेवलेलं असायचं. नानांनी हात बाहेर काढला आणि बाही कोपरापर्यंत भिजली तरी आत घेतला नाही.

हवामान खात्याचा पिवळा इशारा असेल तर जपून जा. त्याहून वरचा अंबर (नारिंगी) इशारा लागला तर पोर्ट्रीतच थांबा, बंदरावर बसून गरम सूप प्या. छत्री नेऊ नका, टिकणार नाही. रेनकोट आणि पँटवरून घालायची रेनपँट घ्या, मोज्यांचे जास्तीचे जोड घ्या आणि आईंसाठी कान झाकणारी टोपी. पेट्रोल पोर्ट्रीतच भरून घ्या. आणि वडिलांना पुढच्या सीटवर बसवा, डाव्या खिडकीशी. पोर्ट्रीहून उइगच्या बाजूने निघालात तर क्विराइंगनंतर समुद्र त्यांच्याच बाजूला येईल.