डोंबारीण, सर्कसवाली की आणखी काही?

प्रश्न असा: १७६० च्या सुमाराचं लंडन, स्मिथफील्डची बार्थोलोम्यू फेअर, तिथे दोरावर चालणारी नायिका आणि तिच्यावर जीव जडलेला उमराव. मराठी ऐतिहासिक कादंबरीत तिला ‘सर्कसवाली’ म्हणावं की ‘डोंबारीण’?

‘सर्कसवाली’ सरळ काढून टाका. फिलिप ॲस्टलीने लंडनमध्ये घोड्यांचे खेळ सुरू केले १७६८ मध्ये, आणि अशा खेळांना ‘सर्कस’ हे नाव लागलं १७८२ मध्ये. झुल्यावरून झेपावणारा प्रतिस्पर्धी आणायचा बेत असेल, तर तोही रद्द करा. लेओतार या फ्रेंच कसरतपटूने पॅरिसमध्ये ती करामत दाखवली १८५९ साली.

‘डोंबारीण’ जातिवाचक आहे. शब्द वाचताच ढोलकी, बांबूची कैची आणि काखेत पोर घेतलेली आई उभी राहते; स्मिथफील्ड गायब. ‘कोल्हाटीण’चंही तेच. गंमत म्हणजे ‘कोलांटउडी’त कोल्हाटीच दडलाय, पण तिथे तो आता कुणाला दिसत नाही. त्यामुळे नायिकेने कोलांटउड्या खुशाल माराव्यात.

मी तिला ‘दोरावरची’ म्हणेन. नाम लावायची गरजच नाही. ‘घाटावरचा’, ‘वाड्यावरची’ म्हणतो तसंच हे. गर्दीतला कुणीतरी विचारेल, “दोरावरची आली का रे?” आणि सगळं कळेल. निवेदनात ‘दोरावर नाचणारी’ चालेल. त्या काळचे इंग्रजही तिला नाचणारीच म्हणत. ‘तारेवरची कसरत’ मात्र टाळा. तो वाक्प्रचार आता अर्थसंकल्पाचा झालाय, ऐन प्रेमप्रसंगात वाचकाला हसू फुटेल.

बाकी मंडळींना ‘खेळवाले’ पुरे. त्यांच्या जथ्याला ‘फड’ म्हणावं. तमाशाचा वास येईल खरा, पण कुस्तीचा आणि उसाचाही फड असतोच.

‘फेअर’साठी ‘मेळा’ नको, बेधडक ‘जत्रा’ लिहा. संत बार्थोलोम्यूचा सण, त्याच्या नावच्या मठाला ११३३ मध्ये राजाने दिलेली सनद, मठाच्या आवारातला कापडबाजार आणि भोवती खेळ, मद्य, मारामाऱ्या: याला दुसरं काय म्हणणार? फक्त तारीख सांभाळा. सण २४ ऑगस्टचा, पण १७५२ मध्ये इंग्लंडने पंचांग बदलल्यावर जत्रा ३ सप्टेंबरला भरू लागली. तुमच्या पहिल्या प्रकरणात ऑगस्ट नको.