चपटी केबल कुठे चालेल, कुठे नाही : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रिसीव्हर (टीव्ही आणि स्पीकर ज्याला जोडतात तो डबा) टीव्हीच्या समोरच्या भिंतीला आहे. रंगकाम झालंय, त्यामुळे झिरी पाडायची नाही. स्कर्टिंगवरून ८ मीटर चपटी एचडीएमआय केबल नेली तर ४के चित्र नीट येईल का? (ठाणे)

उत्तर : ८ मीटरला चपटी केबल घेऊ नका. ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं) ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) चित्राला सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत वेग लागतो. केबल चपटी करायची म्हणजे आतल्या तारा आणि त्यांच्यावरची पन्नी बारीक करावी लागते, आणि तार जितकी बारीक तितका सिग्नल लांबीबरोबर लवकर क्षीण होतो. दोन-तीन मीटरला हे खपून जातं. ८ मीटरलाही १०८० पिक्सेलचं चित्र बहुधा स्वच्छ दिसेल, कारण त्याला साडेचार गिगाबिटच पुरतात. म्हणूनच दुकानातल्या चाचणीवर विसंबू नये. घरी एचडीआर लावल्यावर पांढरे ठिपके चमकतात, पडदा दोन सेकंद काळा होऊन परत येतो, आणि दोष टीव्हीवर जातो.

दुसरी अडचण कोपऱ्याची. चपटी केबल पोटाच्या बाजूने सहज वळते, कडेच्या बाजूने अजिबात नाही. मग दारापाशी तिची घडी घालून वर क्लिप ठोकली जाते. त्या घडीत तारांमधलं अंतर बदलतं आणि सिग्नल तिथून परावर्तित होतो.

तुमच्यासाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल (तांब्याऐवजी प्रकाशाने सिग्नल नेणारी) योग्य. ती गोल असली तरी बारीक असते, लहान केसिंग पट्टीत बसते. तिला दिशा असते : ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरला, ‘डिस्प्ले’ टीव्हीला. उलटं लावलं तर चित्रच येत नाही. टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे आणायचा असेल तर खोक्यावर ‘ईआर्क’ लिहिलंय का, ते बघा. पट्टी ठोकण्याआधी केबल जमिनीवर अंथरून ४के एचडीआर चित्र अर्धा तास चालवून पाहा.

प्रश्न : मागचे ६ ओहमचे स्पीकर १२ मीटर लांब आहेत. चिकटपट्टीवाली १८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) चपटी स्पीकर वायर पुरेल का? (रत्नागिरी)

उत्तर : नाही पुरणार. जाऊन-येऊन २४ मीटर तार होते. १८ गेजचं तांबं किलोमीटरला सुमारे २१ ओहम रोध देतं, म्हणजे तुमच्याकडे अर्धा ओहम. वायरचा रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत असावा; इथे ती मर्यादा ०.३ ओहम आहे. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तो ०.१९ वर येतो. तुम्हाला १८ गेज हवीच असेल तर ६-७ मीटरपर्यंतच.

घेताना टोक कापून बघा. कापलेल्या तारेचा गाभा रुपेरी दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध तांब्याच्या दीडपट असतो, त्यामुळे वरचा सगळा हिशेब कोलमडतो. नुसता वरून रुपेरी आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चालतं.

कोकणातल्या दमट हवेत डिस्टेंपरवर ही चिकटपट्टी टिकत नाही, पावसाळ्यात रंगाच्या पापुद्र्यासकट सुटते. स्कर्टिंगच्या टाइलवर मात्र चांगली बसते. टाइल आधी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या.

प्रश्न : नव्या घरात चपटी केबल थेट प्लास्टरखाली गाडली तर? (नाशिक)

उत्तर : गाडू नका. बिघडली तर भिंत फोडावी लागेल. ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाका. एचडीएमआयचं डोकं दोनेक सेंटिमीटर रुंद असतं, ते २५ च्या पाइपात अडकतं. एल्बो नको, लांब बेंड वापरा, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. २३० व्होल्टच्या तारा वेगळ्या पाइपातून, लांबून न्या. दोन्ही पाइप एकमेकांना ओलांडतील तिथे काटकोनातच ओलांडू द्या.