तीन ठिकाणी तीन वेगळ्या इंटरनेट फोन यंत्रणा आहेत. गेटवे (दोन यंत्रणांमधली दुभाषी पेटी) लावून त्या जोडता येतील की सगळं काढून एकच नवी घ्यावी?

तुमचं चित्र मला असं समजलं. पणजीत पाटोला मुख्य ऑफिस आहे आणि तिथली फोनयंत्रणा ॲस्टरिस्क या एक्स्चेंजचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालते. वेर्ण्याचा कारखाना अलीकडे विकत घेतलाय. तिथं आधीच्या मालकानं बसवलेली जुनी एच.३२३ (इंटरनेट फोनची जुनी भाषा) यंत्रणा आणि पीआरआय लाइन (एका वेळी अनेक कॉल नेणारी टेलिफोन कंपनीची डिजिटल लाइन) आहे. कुडाळ एमआयडीसीतल्या गोदामात छोटी सिप पेटी (सिप म्हणजे आजच्या इंटरनेट फोनांची भाषा) आणि चार लँडलाइन. एका ऑफिसातून दुसऱ्यात बोलायचं तर लोक मोबाइल काढतात, आणि विक्रेता म्हणतो, सगळं भंगारात घाला.

भंगारात घालायची गरज नाही. मी फोंड्यात राहतो आणि गोव्यातल्या, सिंधुदुर्गातल्या कारखान्यांची, हॉटेलांची हीच कामं करतो. तीन वेगळ्या यंत्रणा जोडून नीट चालतात. पण 'कुठला गेटवे घेऊ?' हा तुमचा प्रश्न सगळ्यात शेवटचा आहे. पहिला प्रश्न नंबरांचा.

तिन्ही ठिकाणी एक्स्टेंशन, म्हणजे ऑफिसातले आतले नंबर, १०१ पासून सुरू होत असणार, जवळजवळ सगळीकडे तसंच असतं. मग जोडणी झाल्यावर पणजीतून १०५ फिरवला तर तो कुणाचा? म्हणून प्रत्येक ठिकाणाला एक आकडा द्या: पणजी २, वेर्णा ३, कुडाळ ४. आतल्या आत लोक जुनेच तीन आकडे फिरवतील, बाहेरच्या शाखेला पुढं आकडा लावतील. वेर्ण्याचा १०५ पणजीहून ३१०५. कुणाला नवीन पाठ करावं लागत नाही आणि व्हिजिटिंग कार्डंही बदलत नाहीत. पण एक गोष्ट लोक हमखास विसरतात. पलीकडे दिसणारा नंबरही पुढच्या आकड्यासकट गेला पाहिजे. पणजीच्या १०५ चा फोन वेर्ण्यात नुसता '१०५' म्हणून दिसला, तर परत फोन करणारा आपल्याच स्टोअर्समधल्या माणसाला उठवतो.

हे चाललंच आहे तर १ ने सुरू होणारे नंबर एकदा डोळ्यांखालून घाला. १००, १०१, १०८ आणि ११२ ही एक्स्टेंशनं कुणाला दिली असतील तर काढून घ्या. कारखान्यात कुणाचा हात मशीनमध्ये गेला तर घाबरलेला माणूस 'आधी शून्य दाबा, मग १०८' हे आठवत बसत नाही. तो थेट १०८ फिरवतो आणि फोन अकाउंट्समध्ये वाजतो. हे नंबर कुठल्याही फोनवरून शून्याशिवाय आणि त्याच जागेच्या लाइनवरून बाहेर गेले पाहिजेत. तुमच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण कुडाळ महाराष्ट्रात आहे. तिथला १०८ चा फोन इंटरनेटवरून पणजीला येऊन गोव्याच्या लाइनवरून बाहेर पडला, तर रुग्णवाहिका पाठवणारी यंत्रणाच वेगळ्या राज्याची लागेल.

आता पेट्यांकडे. पणजी आणि कुडाळ दोन्ही सिप बोलतात, त्यांच्यामध्ये गेटवे लागतच नाही. दोन्हीकडे एकेक सिप ट्रंक, म्हणजे दोन यंत्रणांमधली इंटरनेटवरची लाइन, बनवली की काम झालं. विक्रेत्यानं या टप्प्यासाठी काही विकायला काढलं तर ते काय करतं हे जरा खोदून विचारा.

वेर्ण्याला मात्र दुभाषी पेटी लागेल. एच.३२३ हे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचं १९९६ चं प्रमाण. सिपचं आज वापरात असलेलं रूप २००२ मध्ये आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या प्रमाणात ठरलं. दोघांचं काम एकच, कॉल लावणं आणि तोडणं, पण बोलण्याची पद्धत पूर्ण वेगळी. ॲस्टरिस्कसाठी एच.३२३ चं मॉड्यूल आहे, पण धंद्याच्या फोनांना मी ते लावणार नाही. त्यापेक्षा जुन्या यंत्रणेत पीआरआयचं एखादं जादा पोर्ट मोकळं आहे का बघा. असेल तर एका बाजूला पीआरआय आणि दुसऱ्या बाजूला सिप असलेला गेटवे घ्या. जुन्या यंत्रणेला तो टेलिफोन एक्स्चेंजसारखाच वाटतो. ती ३ ने सुरू न होणारा शाखेचा नंबर त्या पोर्टवर टाकते आणि पुढचं गेटवे बघतो. एका पीआरआयवर एका वेळी तीस कॉल जातात. तुमच्या दोन ऑफिसांत एवढं एका वेळी कुणी बोलणार नाही. जुन्या यंत्रणेच्या आतल्या सेटिंगला फारसा हात लागत नाही, हा यातला मोठा फायदा, कारण ती बसवणारा माणूस आता सापडायचा नाही. पोर्ट मोकळं नसेल तर एच.३२३ आणि सिप दोन्ही बोलणारा गेटवे किंवा सेशन बॉर्डर कंट्रोलर (जाळ्याच्या वेशीवर कॉल सांभाळणारी पेटी) घ्यावा लागेल. तो महाग पडतो. तेव्हा मात्र विक्रेत्याचं म्हणणं वेर्ण्यापुरतं ऐकावंसं वाटतं.

जोडणी तिरपी-उभी करू नका. वेर्ण्याहून कुडाळला थेट लाइन बांधण्यापेक्षा दोघांनाही पणजीला जोडा. डिचोलीचा माणूस काणकोणला जाताना पणजीच्या स्टँडवर कदंबा बस बदलतो, तसं. आज तीन जागांना तीनच जोड्या होतात म्हणून फरक दिसत नाही, पण उद्या सहा जागा झाल्या की प्रत्येकीला प्रत्येकीशी जोडायला पंधरा जोड्या लागतात आणि प्रत्येकीत वेगळी चूक राहते. मध्ये पणजी असली की नंबरांचा नकाशा एकाच ठिकाणी राहतो.

मध्यवर्ती जोडणीतही एक सापळा आहे, तो म्हणजे फिरत राहणारा कॉल. कुडाळच्या पेटीला सांगितलेलं असतं, 'न कळणारा नंबर पणजीला पाठव.' पणजीलाही कुणीतरी तेच कुडाळच्या बाबतीत सांगून ठेवलेलं असतं. मग एखाद्यानं ४९९९ असा नसलेलाच नंबर फिरवला की कॉल दोघांमध्ये चेंडूफळी खेळत बसतो. सिपमध्ये मॅक्स-फॉरवर्ड्स म्हणून एक आकडा असतो, साधारणतः ७० ने सुरू होणारा आणि प्रत्येक टप्प्याला एकनं कमी होणारा. पण पीबीएक्स, म्हणजे ऑफिसातली ही फोनयंत्रणा, बऱ्याचदा पुढं नवाच कॉल लावते, त्यामुळे हा आकडा पुन्हा भरतो आणि सगळ्या लाइनी व्यापून जातात. उपाय साधा आहे. ट्रंकवरून आलेला कॉल फक्त आपल्या एक्स्टेंशनला जाईल, पणजीत फार तर दुसऱ्या शाखेच्या ट्रंकवर. तो परत त्याच ट्रंकवर जाणार नाही आणि बाहेरच्या लाइनीवरही जाणार नाही.

शेवटच्या अटीमागं कायदाही आहे. गोव्याला सगळीकडे ०८३२ हा एकच एसटीडी कोड आहे, म्हणून पणजी-वेर्णा तसा स्थानिकच मामला. कुडाळचा कोड ०२३६२. कुणातरी हुशार माणसाच्या डोक्यात येणारच की पणजीहून इंटरनेटवरून कुडाळपर्यंत जाऊ आणि तिथल्या लँडलाइनवरून ओरोसच्या ग्राहकाला फोन लावू. आपल्या शाखा आपसात इंटरनेटवरून बोलल्या तर हरकत नाही. पण लांब पल्ल्याचा कॉल आपल्या खासगी जाळ्यातून नेऊन दुसऱ्या गावच्या सार्वजनिक लाइनवर सोडणं हे परवानाधारक कंपनीचं काम आहे, तुमचं-माझं नाही. २०१८ मध्ये इंटरनेट टेलिफोनीची मुभा मिळाली तीही परवानाधारक कंपन्यांना, आणि २०२१ मधल्या सवलती कॉलसेंटरसारख्या व्यवसायांसाठी आहेत. बाहेरून पणजीला आलेला कॉल कुडाळच्या एक्स्टेंशनला ट्रान्सफर करायचा असेल, तर तेही टेलिफोन कंपनीकडून लेखी विचारून घ्या. सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये लॉजिकल पार्टिशनिंग नावाची सोय आहे, ती अशाच नियमांसाठी. ॲस्टरिस्कमध्ये हे डायल प्लॅनमध्ये (कुठला नंबर कुठं जाणार याच्या नियमांत) स्वतः लिहावं लागतं. आणि खरं सांगायचं तर आजच्या दरांत यातून वाचतं तरी काय?

आता सगळ्यात जास्त फोन मला ज्यासाठी येतात ते: 'रिंग जाते, उचलतात, पण आवाज एकाच बाजूला.' कॉल लावणं आणि आवाज नेणं ही दोन वेगळी कामं आहेत. सिप ५०६० पोर्टवर बोलून कॉल लावतं (इथं पोर्ट म्हणजे पेटीची खोबण नव्हे, इंटरनेटवरच्या दाराचा नंबर). आवाज आरटीपीच्या पाकिटांतून वेगळ्या पोर्टांवर जातो, ॲस्टरिस्कमध्ये सहसा १०००० ते २०००० यांच्या दरम्यान. सिपच्या निरोपाच्या पोटात 'आवाज या पत्त्यावर पाठव' असं लिहिलेलं असतं. राउटरच्या आत बसलेली यंत्रणा तिथं आपला घरचा पत्ता लिहिते, १९२.१६८ ने सुरू होणारा. पलीकडची यंत्रणा बिचारी त्या पत्त्यावर आवाज पाठवते आणि तो कुठंच पोचत नाही. राउटरमधलं सिप एएलजी हे दुरुस्त करण्यासाठी असतं, पण बहुतेक वेळा तेच आणखी बिघडवतं, म्हणून ते बंद करा. खरा उपाय म्हणजे तिन्ही जागांमध्ये व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खासगी बोगदा, टाकणं. मग सगळे जण एकाच घरात असल्यासारखे बोलतात आणि ५०६० पोर्ट जगासमोर उघडं ठेवावं लागत नाही. उघडं ठेवलं तर दिवसरात्र कुणीतरी पासवर्ड ठोकून बघत असतं. रात्री परदेशी कॉल लागून बिल आलं की मग सगळ्यांना जाग येते. आयएसडी आजच बंद करून घ्या.

व्हीपीएन टाकण्याआधी तिन्ही राउटरांचे आतले पत्ते तपासा. तिन्ही १९२.१६८.१ वर असतील तर व्हीपीएनला कुठलं पाकीट कुठं पाठवायचं कळणारच नाही. कारखाना चालू असताना पत्ते बदलले की प्रिंटर, सीसीटीव्ही आणि हजेरीचं मशीन सगळं बंद पडतं. हे काम चवथीच्या सुट्टीत उरकून घ्या, तेव्हा ऑफिसं रिकामीच असतात.

कोडेकवर (आवाज आकड्यांत बांधायच्या पद्धतीवर) फार वेळ घालवू नका. सगळीकडे जी.७११ ए-लॉ ठेवा. एका कॉलला एका दिशेनं साधारण ८० केबीपीएस लागतात, व्हीपीएनमध्ये थोडे जास्त. दहा कॉल म्हणजे एक एमबीपीएसच्या आसपास, फायबरला ते काहीच नाही. कुडाळची लाइन खरंच कमकुवत असेल तरच तिथं जी.७२९, २४ केबीपीएसमध्ये भागतं. पण पणजीला जी.७११, मध्येच जी.७२९, मग पुन्हा जी.७११ अशी रूपांतरं झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. वेगापेक्षा उशिराकडे लक्ष द्या. एका दिशेनं १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं नैसर्गिक वाटतं. त्यापुढं लोक एकमेकांच्या बोलण्यात शिरायला लागतात.

बटणांचे सूर म्हणजे डीटीएमएफ तिन्हीकडे आरएफसी ४७३३ पद्धतीनं ठेवा (जुन्या पेट्यांत त्याला २८३३ म्हणतात). नाहीतर 'मराठीसाठी एक दाबा' ला काहीच होत नाही.

कुडाळच्या चार लँडलाइन एफएक्सओ पोर्टांवर (पेटीतल्या साध्या लँडलाइनच्या खोबणींत) येतात आणि खरा त्रास तिथंच होतो. तांब्याच्या लाइनवर पलीकडच्यानं फोन ठेवला हे पेटीला बहुतेक वेळा सूर ऐकूनच कळतं. आपल्याकडचा बिझी टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद वाजतो आणि पाऊण सेकंद थांबतो. पेटी कारखान्यातून अमेरिकी सेटिंगवर आलेली असेल तर ती ४८० आणि ६२० हर्ट्झचा अर्ध्या सेकंदाचा सूर शोधत बसते. तो कधी येत नाही, लाइन अडकून राहते आणि दुपारपर्यंत चारही लाइनी 'बिझी'. देश भारत निवडला की बहुतेक हे सुटतं. शिवाय मे महिन्याच्या शेवटी वीज कडकडायला लागली की एफएक्सओ पोर्ट पहिले जातात. प्रत्येक लाइनवर सर्ज अरेस्टर (विजेचा झटका अडवणारा) आणि नीट अर्थिंग हवंच. यूपीएसवर फक्त पेटी ठेवून चालत नाही, राउटर, स्विच आणि फायबरचा डबाही त्यावर असला पाहिजे.

प्रत्येक जागेच्या स्वतःच्या बाहेरच्या लाइनी काढून टाकू नका, विक्रेता कितीही सांगो. पावसाळ्यात रस्ता खोदताना फायबर तुटला तर शाखा एकमेकींपासून तुटतील, पण बाहेरचे फोन चालू राहतील.

बिल देण्याआधी स्वतः बसून बघा. पणजीहून वेर्ण्याला फोन लावून दोन्ही बाजूंचा आवाज ऐका आणि पलीकडे कुठला नंबर दिसतो ते विचारा. नसलेला ४९९९ फिरवून तो लगेच तुटतो का पाहा. पणजीची इंटरनेट लाइन काढून वेर्ण्यातून मोबाइलला फोन लागतो का पाहा. आणि कुडाळच्या लँडलाइनवर मोबाइलवरून फोन करा, कुणी उचलल्यावर मोबाइल आधी बंद करा आणि ती लाइन किती वेळात मोकळी होते ते मोजा.