विद्यापीठातल्या दलित विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास कुठून शोधायला घ्यावा?

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) विद्यापीठात दलित विद्यार्थ्यांना प्रतिनिधित्व कसं मिळत गेलं हे तुम्हाला शोधायचं आहे, आणि विद्यार्थी मंडळाच्या जुन्या याद्यांपासून सुरुवात करावी का, असं तुम्ही विचारलंय. याद्या जरूर मिळवा, पण आधी नागसेनवनात, म्हणजे मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात, जा.

विद्यापीठ स्थापन झालं 23 ऑगस्ट 1958 ला. त्याच्या आठ वर्षं आधी, 1950 मध्ये, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं होतं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. खेड्यांतून आलेली पहिल्या पिढीची मुलं तिथे शिकली, वसतिगृहांत राहिली. शिष्यवृत्ती अडली, मेसचं बिल थकलं की पोरं एकत्र यायची, कुणीतरी पुढे होऊन बोलायचं. माझ्या मते प्रतिनिधित्वाची खरी सुरुवात ही आहे, आणि ती कुठल्याही यादीत सापडणार नाही. कॉलेजांचे वार्षिकांक, स्नेहसंमेलनांचे अहवाल आणि त्या काळातली माणसं, हीच तुमची साधनं.

नामांतराचा काळ मात्र सावकाश वाचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. अनंत भालेरावांचा दैनिक मराठवाडा नामांतराच्या विरोधात होता. त्यामुळे त्याचे अंक एका बाजूला आणि दलित पँथरची व विद्यार्थी संघटनांची पत्रकं दुसऱ्या बाजूला ठेवून तारखेवार वाचा. काही पत्रकांवर वार आणि तारीख असते, साल नसतं. जुनं कॅलेंडर काढून पडताळा: 6 ऑगस्टला रविवार असेल, तर ते 1978 चं असू शकतं, पण 1972 चंही असू शकतं. खाली छापखान्याचं नाव असतं, तेही टिपून ठेवा.

आता याद्या. 14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला, म्हणजे मराठवाडा हे नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडलं. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी मंडळात निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेबांचं नाव लागलं, त्याच वर्षी मत देऊन आपला माणूस निवडायची वाट कायद्याने बंद केली. याची मला आजही खंत वाटते. त्यानंतरच्या यादीतलं नाव वर्गात कुणाला जास्त मार्क पडले ते सांगतं, पोरं कुणाच्या मागे होती ते सांगत नाही. 2016 च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली, आणि मंडळावर मागास प्रवर्गांसाठी आळीपाळीने भरायची एक राखीव जागा ठेवली. निवडणुकीच्या आणि नेमणुकीच्या वर्षांतल्या याद्या एकाच तक्त्यात मांडल्यात तर निष्कर्ष हमखास चुकेल.

आडनावावरून जात ठरवू नका. गायकवाड, जाधव, पवार, साळवे ही आडनावं अनेक समाजांत आहेत. माहिती अधिकारात जातवार यादी मागाल, तर वैयक्तिक माहिती म्हणून नकार येण्याचीच शक्यता जास्त. त्यापेक्षा अधिसभेची (सिनेटची) इतिवृत्तं आणि विद्यार्थी कल्याण विभागाच्या फायली प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात, उत्तराची मुदत तीस दिवस.

आणि त्या काळी वसतिगृहात राहिलेल्या बायकांना आधी भेटा. सभांच्या बातम्यांत पुरुषांचीच नावं येतात. मोर्चात पुढे कोण होतं आणि रात्री पत्रकं कुणी वाटली, हे त्या सांगतील.